मंडपेश्वरचे मूळ विचारणाऱ्यांना

जुनी वास्तू दिसली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'हे मूळचे काय?' विचारणारा बहुधा निरागसपणे विचारतो. प्रश्न मात्र निरागस नाही. त्याच्या पोटात उत्तर दडलेले असते आणि उत्तरापाठोपाठ करावयाच्या कृतीची तयारीही असते. मूळचे देऊळ ठरले, की त्यानंतरचे चर्च हा कलंक ठरतो आणि कलंक पुसण्याची भाषा सुरू होते. मूळचे चर्च ठरले, की 'ते तर परक्यांचे' असे म्हणून त्या इमारतीकडे पाठ फिरवता येते. दोन्ही प्रकारांत शेकडो वर्षांचा इतिहास एका शब्दात गुंडाळून टाकण्याची सोय होते. गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनरुभारणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, तेव्हापासून या सोयीला राजमान्यताही मिळू लागली आहे.

आमचे म्हणणे असे, की 'मूळ' ही कसोटी वास्तूंना लावणेच गैर आहे, आणि ठाणे-कल्याणच्या परिसराला ती लावणे तर हास्यास्पद आहे. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, पुरातत्त्वज्ञ नाही. तरीही या वादात बोलण्याचा आम्हांला अधिकार आहे असे वाटते, कारण हा वाद दगडांचा जितका आहे तितकाच शब्दांचा आहे. 'मूळ', 'परकीय', 'भ्रष्ट', 'मुक्त' हे शब्द जिथे पुरावा म्हणून वापरले जातात, तिथे भाषेच्या शिक्षकांनी गप्प बसणे बरे नव्हे.

एक वास्तू घेऊनच बोलू. बोरिवलीच्या पश्चिमेला मंडपेश्वरची लेणी आहेत. आज तो भाग मुंबई उपनगरात मोडतो; पण साष्टी बेट जेव्हा ठाण्याचे होते, तेव्हाच्या, म्हणजे १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये मंडपेश्वरची नोंद ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. ही शैव लेणी साधारणपणे सहाव्या शतकातली मानली जातात. आत नटराज आहे, लकुलीश आहे, शिवपार्वतीचा विवाह आहे. पोर्तुगीज साष्टीत आले, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने या लेण्याचे चर्च केले. डोंगराच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. देवस्थानाचे उत्पन्न पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेने या नव्या संस्थेकडे वळवण्यात आले. लेण्यातील शिल्पांपैकी काही फोडली गेली, काही बांधकामाच्या आणि गिलाव्याच्या आड झाकली गेली. एका भिंतीवर मोठा क्रूस कोरण्यात आला. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले. त्यांच्या अमदानीत तिथे पुन्हा ख्रिस्ती उपासना झाली. आज लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. आत शिवलिंग आहे, भिंतीवर क्रूस आहे, माथ्यावर मठाच्या भिंतींचे भग्न अवशेष आहेत.

आता सांगा, याचे मूळ कोणते?

'सोपे आहे, शैव लेणे,' असे उत्तर येईल. कालक्रमाने ते बरोबर आहे. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या पायरीला. 'मूळचे शैव लेणे, म्हणून बाकी सारे उपरे,' हे वाक्य पहिल्या वाक्यातून निघत नाही. ते बाहेरून आणून चिकटवलेले आहे. लेण्यातला नटराज आज ज्या अवस्थेत आपल्याला दिसतो, त्यात गिलाव्याचा वाटा आहे. उघडी शिल्पे माणसाच्या आणि हवेच्या तडाख्यात सापडली, झाकलेली वाचली. झाकणाऱ्याचा हेतू जतनाचा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याला मूर्ती दिसायला नको होत्या. पण नको असलेली मूर्ती झाकून त्याने ती पुढच्या पिढ्यांसाठी राखली, ही घटना घडली आहे, आणि इतिहास हेतूंप्रमाणेच परिणामांचाही असतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियात हेच उलट्या दिशेने झाले. ५३७ साली पूर्ण झालेले ते चर्च १४५३ नंतर मशीद झाले. भिंतींवरची ख्रिस्ती कुट्टिमचित्रे कालांतराने गिलाव्याखाली गेली आणि १९३१ पासून गिलावा काढण्याचे काम सुरू झाले तेव्हा त्यांतली कित्येक शाबूत सापडली. १९३४ च्या निर्णयाने ती मशीद संग्रहालय झाली, २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. तिथेही मूळ शोधणाऱ्यांची कमतरता नाही. परंतु त्या इमारतीला जगात जे स्थान आहे ते तिच्या एका वापरामुळे नाही, सगळ्या वापरांच्या खुणा एकाच घुमटाखाली सापडतात म्हणून आहे.

इथे कायद्याचाही एक पेच सांगितला पाहिजे, कारण तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९९१ च्या प्रार्थनास्थळविषयक कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे प्रार्थनास्थळ ज्या धर्माचे होते ते तसेच राहील असे ठरवले. पण १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली येणाऱ्या वास्तू त्यातून वगळल्या. म्हणजे मंडपेश्वरसारख्या संरक्षित स्मारकाला १९९१ चा कायदा लागू पडत नाही. १९५८ चा कायदा सांगतो, की केंद्र सरकारच्या देखभालीखालील स्मारक प्रार्थनास्थळ असेल, तर त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी होऊ नये. कायदेकर्त्यांचा हेतू चांगला होता. पण 'स्वरूप' हा शब्द एकवचनी आहे. ज्या वास्तूला हजार-दीड हजार वर्षांत चार वेळा स्वरूप मिळाले, तिचे एकवचनी स्वरूप कोण ठरवणार? न्यायालय, सर्वेक्षणाचा अधिकारी, की जमावातला सर्वांत मोठा आवाज? कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा इतिहासाच्या नोंदींनी भरली नाही, तर ती घोषणांनी भरली जाईल. आमच्या चिंतेचे कारण हे आहे.

'मूळ' शोधणाऱ्यांना आम्ही आणखी थोडे मागे नेऊ इच्छितो, त्यांच्याच शिस्तीने. ज्या सहाव्या शतकात मंडपेश्वरचे लेणे खोदले गेले असे मानतात, त्याच शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीकभाषक प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की 'कल्लियाना' या बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बिशप होता म्हणजे त्याची मंडळी होती, आणि मंडळी होती म्हणजे ती कुठेतरी एकत्र जमत होती. त्या जागेचा आज मागमूस नाही. पण वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरण्याआधी जवळजवळ साडेनऊशे वर्षे कल्याणच्या खाडीकाठी ख्रिस्ती उपासना चालू असावी, ही गोष्ट 'ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज आणि पोर्तुगीज म्हणजे परके' या समीकरणाचे काय करते, याचा विचार समीकरण मांडणाऱ्यांनीच करावा.

ठाण्याचीही कथा अशीच आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन भिक्षू ठाण्यात मारले गेले. त्यांतला तोलेंतिनोचा थॉमस हा इटलीचा आणि दिमित्रियस हा तिफ्लिसचा होता. पुढे काही वर्षांतच ओडोरिक नावाचा प्रवासी इथे आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. हे भिक्षू ठाण्यात उतरले ते इथे आधीपासून राहणाऱ्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांकडे, असे ओडोरिक सांगतो. म्हणजे चौदाव्या शतकाच्या प्रारंभी ठाणे शहरात ख्रिस्ती घरे होती. शिलाहारांची देवळे होती, मुसलमान अंमलदार होते, काझी होता. पोर्तुगिजांना यायला अजून दोन शतके होती. 'आधी कोण' हा खेळ खेळायचाच असेल, तर त्यात कोणाचीही जीत पक्की नाही. तो खेळ न खेळणेच शहाणपणाचे.

दुसऱ्या बाजूचे आक्षेपकही कमी नाहीत. त्यांना चर्च पाडायचे नसते, पुसायचे नसते. त्यांना त्याच्याशी काही कर्तव्यच नसते. 'परक्यांनी बांधले, परक्यांसाठी बांधले, मराठी माणसाचा काय संबंध?' हे वाक्य आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकतो, साहित्याच्या अभ्यासकांच्या तोंडूनही ऐकतो. त्यांनी ठाण्याच्या मध्यवर्ती तुरुंगाकडे पाहावे. तो किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा तो पुरा झालेला नव्हता. इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्रिंबकजी डेंगळे यांना त्यात कैदेत ठेवले होते आणि १८१६ साली ते तिथून निसटले. पुढे त्याचा रीतसर तुरुंग झाला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथे फाशी दिले गेले. आज त्या भिंतींपुढे आपण माथा झुकवतो तो या तिघांच्या स्मृतीने. 'भिंत पोर्तुगिजांची, मग आमचा काय संबंध?' असे तिथे कोणी म्हणत नाही. म्हणूही नये. इमारत बांधणाऱ्याची राहत नाही, जे तिच्यात जगले आणि मेले त्यांचीही ती होते, हे आपल्याला तुरुंगाच्या बाबतीत बरोबर कळते. चर्चच्या बाबतीत मात्र ते कळेनासे होते. आणि गंमत अशी, की 'तुरुंग' हा शब्दच पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. 'घमेले' आणि 'बिजागरी' हेही त्यांच्याकडचेच. परक्यांची इमारत पाडायला निघालेल्याला तिचा राडारोडा उचलण्यासाठीही परक्यांचाच शब्द लागेल.

घंटांचे उदाहरण याहून बोलके आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. ती आकृती तासून टाकावी असे पेशवाईतल्या कोणाला वाटले नाही. आपल्या पूर्वजांनी घंटेचा उपयोग बदलला, तिची जन्मखूण राहू दिली. आज कोणी शुद्धीच्या नावाने ती आकृती घासून काढली, तर तो चिमाजी अप्पांच्या विजयाचाच पुरावा घासून काढील. हा साधा मुद्दा 'मूळ' मागणाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही?

भाषेच्या अंगाने पाहिले तर 'आमचा काय संबंध' हे वाक्य सर्वांत अधिक खोटे ठरते. वसई-साष्टीचा ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी चर्चला पिढ्यानपिढ्या 'देऊळ' म्हणत आला आहे. त्याने परक्या धर्माची इमारत स्वीकारली आणि तिला आपला शब्द दिला. ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हटले की आमच्या अभ्यासक्रमांत फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) येते आणि तिथेच विषय संपतो. पण ते घडले गोव्याच्या साष्टीत. नाव एकच असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. आपल्या ठाण्याच्या साष्टीत आणि वसईत गायले जाई ते फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे पुराण. ख्रिस्ताच्या दुःखभोगावरचे हे मराठी पद्यपुराण १६५९ सालचे. ज्या इमारतींना आपण परक्या म्हणतो, त्यांच्या छायेत उपवासाच्या दिवसांत मराठी पद्य म्हटले जात होते. त्याच परिसरातून पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. २०२० च्या उस्मानाबाद येथील ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा 'धर्मगुरू अध्यक्ष कसा?' असा विरोध काहींनी केला. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्या विरोधामागची वृत्ती आणि चर्चच्या इमारतीकडे पाठ फिरवणारी वृत्ती एकच आहे. ठाण्याने २०१० मध्ये आणि डोंबिवलीने २०१७ मध्ये साहित्य संमेलने भरवली. ज्या शहरांना मराठीचा इतका अभिमान आहे, त्यांनी आपल्याच खाडीकाठच्या मराठीचे हे दालन बंद ठेवावे, याला अभिमान म्हणत नाहीत.

तिसरा पंथ आहे तो भग्नावशेषांच्या प्रेमिकांचा. या पंथाला वसईचा किल्ला फार आवडतो. वेलींनी वेढलेल्या कमानी, छप्पर उडालेली चर्च, ओलसर भिंती. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी जोडपी येतात. २०१६ साली 'कोल्डप्ले' या इंग्रजी वाद्यवृंदाच्या गाण्यातही हा किल्ला झळकला. याला आमचा विरोध नाही. छायाचित्रण हाही एक उपयोगच आहे. पण या पंथाची समजूत अशी असते, की १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले आणि त्या क्षणी काळ थांबला. वस्तुतः काळ कुठेच थांबला नाही. शरण आलेल्या पोर्तुगिजांना मराठ्यांनी सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्यांना धर्म पाळण्याची मुभा दिली. किल्ल्यात देवळे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमदानीत, किल्ल्याच्या आवारात उसाची लागवड झाली आणि साखरेचे उत्पादनही करून पाहिले गेले. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये संत घोषित झाले, आणि किल्ल्यातले जेझुइटांचे जुने चर्च आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ओसाड म्हणून ज्याचे छायाचित्र घेतले जाते, ते चर्च वर्षातल्या सणाला माणसांनी भरते. ज्याला फक्त ओसाडी पाहायची आहे, त्याला ही माणसे चौकटीत नको असतात. म्हणजे तोही एक 'मूळ' शोधणाराच. त्याचे मूळ तेवढे काव्यमय आहे.

आणि चौथा प्रकार घरचाच आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने लाकूड उतरवून पत्रे घालणे, थडग्यांच्या फरशा उखडून चकचकीत लाद्या बसवणे, कोरीव दगडावर तैलरंग फासणे, हे चर्चमध्ये होते तसे देवळांतही होते. वापरातल्या वास्तूने बदलू नये असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे कौपिनेश्वराचे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी पुन्हा उभारले नसते, आणि नंतरच्या ठाणेकरांनी त्याची डागडुजी केली नसती, तर आज ते दिसले नसते. त्याच परिसरातले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च फ्रान्सिस्कन मठाचे देऊळ म्हणून सुरू झाले आणि आज शहरातल्या मोठ्या धर्मग्रामाचे चर्च आहे. बिशप हेबरने १८२५ मध्ये ज्याचा अभिषेक केला ते सेंट जेम्स चर्च कंपनी सरकारच्या गोऱ्या शिपायांसाठी आणि अंमलदारांसाठी होते. आज तिथे प्रार्थनेला येतात ते याच शहरातले रहिवासी. उपासना तीच, उपासक बदलले. हाही उपयोगातला बदलच, आणि कदाचित सर्वांत मोठा. बदल हा वास्तूचा श्वास आहे. आमची तक्रार नोंद न ठेवता केलेल्या बदलाविषयी आहे. जी फरशी उखडायची तिच्यावरचा लेख आधी उतरवून घ्या, छायाचित्र काढा, मग उखडायची की नाही ते ठरवा. एवढी तसदीही घेतली जात नाही, तेव्हा भाविक आणि विध्वंसक यांच्यातला फरक फक्त हेतूचा उरतो. दगडाला हेतू कळत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येऊ. 'तुम्ही सगळ्या वापरांना समान मान देता, म्हणजे बळजबरीलाही मान देता. देवळाचे उत्पन्न हिरावले गेले, मूर्ती फोडल्या गेल्या, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि त्याचे हात वसईपर्यंत पोहोचत होते. याचे काय?' आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणारे, पोर्तुगीज काळ म्हणजे केवळ पाव, संगीत आणि सुंदर कमानी असे रंगवणारे लोक आम्हांलाही सहन होत नाहीत. कित्येक चर्चच्या इतिहासपुस्तिका 'अमुक साली अमुक धर्मगुरूंनी हे चर्च बांधले' इथून सुरू होतात आणि त्या जागी आधी काय होते याविषयी अवाक्षर काढत नाहीत. हे मौनही खोटेपणाच आहे.

परंतु सगळे वापर नोंदवणे म्हणजे सगळ्यांना समान मान देणे नव्हे. नोंद आणि गौरव या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंडपेश्वरच्या भिंतीवरचा क्रूस हा तिथे झालेल्या बळजबरीचा पुरावा आहे. तो कोरून काढा, म्हणजे बळजबरी झाली होती हे सांगणारा सर्वांत ठळक साक्षीदार तुम्हीच नाहीसा कराल. अन्याय झाला असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तर त्या क्रुसाचे रक्षण इतरांपेक्षा अधिक दक्षतेने केले पाहिजे. शिवाय त्याच क्रुसाला आणखी एक अर्थ नंतर चिकटला आहे. त्याच्यापुढे गुडघे टेकणारे पुढच्या पिढ्यांतले लोक जिंकणारे नव्हते. ते इथलेच शेतकरी, भंडारी, कोळी होते. त्यांच्या खापरपणज्यांवर जबरदस्ती झाली असेल वा नसेल. त्यांची स्वतःची श्रद्धा त्यांची होती. पणज्यावरच्या अन्यायाचे उट्टे पणतूच्या श्रद्धेवर काढणे याला न्याय म्हणत नाहीत.

मग करायचे काय? आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिली, प्रत्येक जुन्या वास्तूपुढे जो फलक असतो त्यावर तिचे सगळे उपयोग कालक्रमाने, मराठीत, विशेषणांशिवाय लिहावेत. 'भव्य', 'पवित्र', 'क्रूर', 'रमणीय' हे शब्द वगळले तर फलकावर पुष्कळ जागा मोकळी होते. दुसरी, महापालिकांनी आणि धर्मसंस्थांनी जीर्णोद्धाराला परवानगी देण्याआधी किंवा घेण्याआधी लेख, फरशा, लाकूडकाम यांची चित्रनोंद करणे बंधनकारक करावे. तिसरी मागणी आमच्याच व्यवसायबंधूंकडे आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, वसई येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील थडग्यांवरचे मराठी लेख, चर्चच्या वह्यांतली मराठी, उपवासकाळातली गीते, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या पाट्या हे सारे विद्यार्थ्यांकडून उतरवून घ्यावे. संतकाव्यातील भक्तिभावावर दरवर्षी लिहून घेतल्या जाणाऱ्या प्रकल्पांतला एक दशांश जरी तिकडे वळवला, तरी पाच वर्षांत या जिल्ह्याचे एक नवे वाङ्मयीन दफ्तर उभे राहील.

मंडपेश्वरच्या फलकाचा मसुदा आम्ही इथेच देऊन ठेवतो. कोणाला त्यात दुरुस्ती सुचवायची असेल तर ती शब्दांनिशी सुचवावी, हातोड्यानिशी नव्हे.

'सुमारे सहावे शतक: शैव लेणे खोदले गेले. सोळावे शतक: फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी लेणे ताब्यात घेऊन त्याचे चर्च केले, देवस्थानाचे उत्पन्न काढून घेण्यात आले, काही शिल्पे फोडली, काही झाकली गेली, माथ्यावर मठ व विद्यालय बांधले गेले, भिंतीवर क्रूस कोरला गेला. १७३९ नंतर: मराठी अमदानीत पुन्हा शिवपूजा. इंग्रजी अमदानी: पुन्हा ख्रिस्ती उपासना. सध्या: संरक्षित स्मारक. वरीलपैकी प्रत्येक काळाच्या खुणा या वास्तूत आहेत. त्यांतील कोणतीही पुसू नये.'